गुरुवारचा रविवार

विजेचा भार वाटून देण्यासाठी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवलेली. यंत्रापुढे उभी राहणारी माणसं रविवारी कुठं जातात, हे ठरवणाऱ्यांपैकी कुणीही विचारलं नाही. आम्ही ख्रिस्ती कामगार रविवारी देवळाच्या घंटेऐवजी भोंगा ऐकायचो. यावर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. आमच्या लोकांनी पत्रकाची वाट न पाहता गुरुवारीच रविवार करायला सुरुवात केली.

कासारवाडी स्टेशनजवळ एका मुसलमान मेकॅनिकच्या गॅरेजमागे एक खोली होती. तिथं आमची उपासना व्हायची. तेवढा तासभर तो ठोकाठोक बंद ठेवायचा. "तुमचा रविवार गुरुवारी, माझी सुट्टी शुक्रवारी," तो म्हणायचा, "गिऱ्हाइकानं यायचं कधी, राव?"

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. एरवी उपासना मावशी चालवायच्या. नगरकडच्या मिशन दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर दाईचं काम केलेलं. त्यांचा एक नियम होता. पहिल्या गीताआधी त्या विचारायच्या, "कुणाचं कुणाशी वाकडं हाय का?" असेल तर ते तिथंच सरळ करायचं. तोवर गीत नाही, प्रार्थना नाही, काही नाही. एकदा नळाच्या रांगेवरून दोन बायकांचं बिनसलं होतं, तर पाऊण तास सगळी खोली बसून राहिली. मी तेव्हा मनात हसलो होतो. म्हटलं, जगात काय चाललंय आणि यांचं काय चाललंय.

पेटी वाजवायचा तो जालन्याकडचा माणूस. माझ्याच कारखान्यात प्रेसवर होता. प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते, तिला आम्ही गार्ड म्हणायचो. जाळी असली की नग कमी निघतात, म्हणून सुपरवायझरनं ती फिटरला काढायला लावली. तिसऱ्या दिवशी पेटीवाल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी त्याच रात्री पत्रकासाठी सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापलं. "गार्ड कुणी काढला?" एवढंच मथळ्यात. सकाळी गेटवर वाटलं. आठवड्यात कंपनीनं पेटीवाल्याची सही असलेला कागद नोटीसबोर्डावर लावला: गार्ड मीच काढला, चूक माझीच. आणि खोटी पत्रकं वाटतो म्हणून मला कामावरून काढलं. पेटीवाल्याला स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं.

चार महिने मी बाहेर होतो. लेबर कोर्टात तारखा पडत होत्या. ज्यांच्यासाठी ओरडलो ते गेटवर मला पाहून बुटाची नाडी बांधायला वाकायचे. उपासनेला जाणं मी सोडलं. देवाला सांगून टाकलं, तुझंही काम गुरुवारी बंदच असतं असं दिसतंय. मग कंपनीकडून निरोप आला. पत्रक खोटं होतं असं लिहून द्या आणि परत कामाला या. मी ते लिहिलं. सुवाच्य अक्षरात. फक्त सही राहिली होती.

तो कागद खिशात ठेवून त्या गुरुवारी सकाळी मी उपासनेच्या खोलीवर गेलो. प्रार्थनेला नाही, पेटीवाल्याला चार शब्द सुनावायला. दारातच होतो आणि आतून मावशींचा प्रश्न आला.

"माझं आहे," मी म्हणालो.

माना वळल्या. मावशींनी चष्मा वर केला. "आत ये. चपला काढ. कुणाशी?"

"त्याला माहीत आहे."

पेटीवाला पेटीमागं बसला होता. उजवा हात पदराखाली झाकावा तसा त्यानं मांडीखाली घेतलेला. मी बोललो. गेटवर बोलायचो तसं, मोठ्यानं. त्याच्या बोटांसाठी माझी नोकरी गेली आणि त्यानं ती बोटं एका खुर्चीला विकली, असंही बोललो. ते बोलायला नको होतं. त्याची बायको रडायला लागली. तो मात्र मला थांबवेना.

मी थांबल्यावर म्हणाला, "भाऊ, दवाखान्यात गुंगीत होतो तेव्हा कागद आणला त्यांनी. पण ते कारण नाही. नंतर शुद्धीवर आलो तेव्हाही मी गप्पच राहिलो. एका हाताच्या माणसाला कोण ठेवणार, म्हणून. गार्ड मी नव्हता काढला."

"हे कोर्टात सांगशील?"

तो बायकोकडं बघत राहिला. लोणावळ्याची गाडी खोली हलवत गेली. "सांगतो," म्हणाला.

मला वाटलं, झालं. मावशी माझ्याकडंच बघत होत्या. "याचं झालं. तुझं काय, लेकरा? तू बोलताना सारखा खिसा चाचपतूयास."

खोटं बोलता आलं असतं. पण त्या खोलीत, त्या माणसापुढं, जमलं नाही. मी कागद काढून दिला. मावशींनी तो मोठ्यानं वाचला नाही. वाचून पेटीवाल्याकडं दिला. त्यानं वाचला, घडी घातली आणि मला परत केला. मी सुनावलेलं सगळं तो मला सुनावू शकला असता. तो म्हणाला, "चार महिने फार असतात, भाऊ. बस."

क्षमा या शब्दाची मला चीड होती. मालकाला सोयीचा शब्द, असं मी लिहिलंही होतं. क्षमा मिळाल्यावर माणूस ताठ उभा राहतो, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी कागद मी फाडला तो शूरपणानं नाही. तो माणूस माझ्या शेजारी होता, आणि आम्हा दोघांच्याही मध्ये येशू बसलेला आहे असं मला पहिल्यांदा खरं वाटलं, म्हणून.

मग गीत झालं. त्यानं पेटी फिरवून घेतली. तीन बोटांच्या उजव्या हातानं भाता आणि सूर डाव्या हातानं. सूर चुकत होते, मध्येच तुटत होते. तो पट्टी शोधेपर्यंत सगळे ओळीवर थांबून राहायचे, मग पुढं जायचे. इतकं लांबलेलं गीत मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पुढची तारीख नेमकी गुरुवारी पडली. मंडळी उपासना सोडायला तयार नव्हती, म्हणून सगळी कोर्टाच्या व्हरांड्यातच येऊन बसली. मेकॅनिकसुद्धा गॅरेजला कुलूप लावून आला. मावशींनी दबक्या आवाजात नेहमीचं विचारलं. कुणाचं कुणाशी वाकडं?

"माझं कंपनीशी," मी म्हणालो.

"ते आत गेल्यावर सरळ कर," मावशी म्हणाल्या आणि डोळे मिटले.

निकाल अजून लागलेला नाही. पुकारा झाला तेव्हा पेटीवाला माझ्याआधी उठला, एवढं मी पाहिलं आहे.