हेलिपॅडखालची विहीर

एच पुसून तिसऱ्यांदा काढायला सांगितला, तेव्हा मी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं.

एच म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या जागी चुन्यानं काढतात ते मोठं इंग्रजी अक्षर. पायलटला वरून तेच दिसतं. माझी शाळा चौथीपर्यंत. बांधकाम खात्यात आधी मजूर होतो, मग मुकादम झालो. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण बीड जिल्ह्यात कुठं पुढाऱ्याची सभा असली की खातं मला अजून बोलावतं. रोलर फिरवायचा, टँकरनं पाणी मारायचं, एच काढायचा.

हे गाव तेलगावजवळचं, माझ्या बायकोचं माहेर. ती जाऊन आठ महिने झाले होते. मला त्या गावात पाय ठेवायचा नव्हता. जेईनं, म्हणजे आमच्या ज्युनियर इंजिनियरनं, दोनदा फोन केला म्हणून गेलतो.

पहिला एच मी शाळेमागच्या मुरमावर काढला. जागा दगडासारखी पक्की, पण स्टेजपासून तीनशे पावलं लांब, आणि मध्ये नांगरलेलं रान. सभा भरवणारे आले. म्हणाले, "साहेबांना ढेकळातून चालवता का बे?" एच अलीकडं आणला. तरी त्यांचं समाधान होईना. तिसरी जागा त्यांनी दाखवली ती स्टेजला खेटूनच.

मी जेईला बाजूला घेतलं. "साहेब, हितं इहीर हाय."

"कुठंय? मला तर दिसंना."

"बुजवलेली हाय. माज्या सासऱ्याची. पऱ्हाट्या टाकल्या आन् वर काळी माती. मीच घमेली ओतलीत."

"किती वर्षं झाली?"

"तीस असतील."

"मग बसली असंल आता. तात्या, तुमी रिटायर झालात, माझी नोकरी अजून वीस वर्षं हाय. फिरवा रोलर."

मी रोलर फिरवला. धूळ उडू नये म्हणून वरून दोन टँकर पाणीही मारलं.

हेलिकॉप्टर तीनच्या सुमारास उतरलं. साहेब स्टेजवर गेले, हार पडले, भाषण सुरू झालं. पोरं हेलिकॉप्टरसमोर फोटो काढू लागली. कॅप्टन पन्नाशीचा, किडकिडीत, चष्मा लावलेला. तो फोटोला उभा राहिला नाही. यंत्राभोवती हळूहळू फिरला, जिथं तिथं हात लावून बघितलं. आमच्याकडं बैल विकत घेणारा माणूस असा फिरतो. उजव्या चाकाशी तो खाली बसला.

"उतरलो तेव्हा दोन बोटं रुतलं होतं. आता चार झालंय. खाली काय आहे इथं?"

"काही नाही सर," जेई म्हणाला. "वरवरचा चिखल हाय. पाणी जरा जास्त पडलं."

मी जमिनीकडं बघत राहिलो. हा माझा जुना रोग आहे. बायकोच्या छातीत दुखायला लागलं त्या दुपारी मला कळलं होतं, हे साधं नाही, आत्ताच अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. मेहुणा म्हणाला, पित्त आहे. डॉक्टर म्हणाला, उद्या बघू. ते शिकलेले, मी चौथी. गप्प बसलो. दिवस मावळायला तिला जीपमध्ये घातलं. अर्ध्या वाटेत तिचा हात गार पडला.

"कॅप्टनसाहेब," मी म्हणालो, "खाली इहीर हाय. सहा पुरुस खोल."

जेईनं माझ्या पायावर पाय दिला. कॅप्टननं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कशानं भरलीय?"

"पऱ्हाट्यांनी. कपाशीची वाळकी झाडं वो. कुजली असतील आता."

"कडा कुठून कुठं?"

मी टाचेनं रेघ ओढून दाखवली. दोन चाकं रेघेबाहेर होती. उजवं चाक बरोब्बर मधोमध.

तेवढ्यात भाषण संपलं. साहेब आले, मागं गावातले दोन पुढारी, त्यांनाही हेलिकॉप्टरात बसायचं होतं. कॅप्टन दारापुढं उभा राहिला.

"साहेब, इथून कुणी बसणार नाही. मी एकटा उचलतो आणि पलीकडं मुरमावर उतरवतो. तुम्ही चालत या. आणि हे दोघं येणार नाहीत, वजन जास्त होतं."

पीए पुढं झाला. "कॅप्टन, कुणाशी बोलताय कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच बोलतोय."

"अंबाजोगाईत लोक खोळंबलेत," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण अशा आवाजावर मी बदल्या झालेल्या बघितल्या आहेत. "उशीर झाला तर?"

"उशीर झाला तर दिवस मावळल्यावर उडता येत नाही म्हणून मी ती फेरीच रद्द करीन, साहेब. पण इथून बसवणार नाही."

साहेबांनी त्या चाकाकडं बघितलं. मग धोतराचा सोगा उचलला आणि ढेकळातून चालू लागले. त्यांच्या मागं अख्खी सभा.

कॅप्टननं मला बोलावलं. रुतलेलं चाक मातीनं धरून ठेवलं आणि बाकीचं यंत्र उचललं, तर हेलिकॉप्टर कुशीवर पडतं, असं त्यानं सांगितलं. पंखा जमिनीला लागला की आतला माणूस संपला. "मला आतून चाक दिसत नाही. तुम्ही समोर लांब उभे राहा. चाक मोकळं झालं की दोन्ही हात वर. अडकलं तर आडवे."

"मी? जेईसाहेबांना सांगा की."

"विहीर कुणी सांगितली?"

मी उभा राहिलो. पंखा फिरायला लागला. डोळ्यांत माती जात होती, पण मी पापणी मिटली नाही. डावं चाक हललं. उजवं हलेना. मी हात आडवे केले. एवढं मोठं यंत्र, आणि त्यानं ते माझ्या हातांकडं बघून खाली टेकवलं. पुन्हा उचललं, अगदी हळू, झोपलेलं लेकरू कुशीतून काढावं तसं. चिखल सुटला. मी हात वर केले. तो सरळ वर गेला आणि मुरमाकडं वळला.

चाकाच्या जागी माती खाली बसली. परातीएवढं भोक पडलं, आत काळ्या काड्या दिसत होत्या. जेई माझा दंड धरून उभा होता.

मी धापा टाकत मुरमावर पोचलो. साहेब आत बसत होते. मी कॅप्टनला विचारलं, "एवढ्या मोठ्या मानसाला न्हाई म्हनलात. भ्या वाटलं न्हाई?"

"याला पायलट इन कमांड म्हणतात, तात्या. ह्या उड्डाणाच्या कागदावर नाव माझं असतं. काही झालं तर साहेबांनी सांगितलं होतं, असं म्हणायची सोय नाही. बाकी माझ्या हिशेबात साहेब म्हणजे नव्वद किलो."

मला हसू आलं. तो हसला नाही.

"रोलर कुणी फिरवला?"

"मी."

"माहीत असून?"

"साहेबांनी सांगितलं म्हनून," असं माझ्या तोंडून निघालं. त्यानं दार लावून घेतलं.

मागच्या महिन्यात जेईचा परत फोन आला. दुसरं गाव, दुसरी सभा. आता तो आधी विचारतो, "तात्या, एच कुठं काढायचा?"

मी सांगितलं, नकाशा नंतर उघडा. आधी गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, लगीन होऊन आल्या तवा पाणी कुठून भरायच्या. बुजवलेल्या विहिरी त्यांना पाठ असतात. त्या हेलिपॅडखालची विहीरसुद्धा बायकोनंच मला दाखवली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, ती उघडी असताना. म्हणाली होती, "हितं माजी घागर पडलीय. कवा काढून देशील?"