चार्टवर नसलेली गोष्ट

काल लंडनमधल्या हाउन्सलोच्या दवाखान्यात नर्सने माझ्या बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावलं, तरीही ती माझं मनगट धरून बसली. तिच्या हातांना साबणाचा वास होता. त्या वासाने मला थेट जुन्या वॉर्डातल्या एका सकाळपाशी नेऊन सोडलं.

मी तेव्हा इथल्याच एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकवायचो. नागपूरहून आलेली सुनंदा माझी विद्यार्थिनी होती. चहाची ट्रॉली फिरवून ती माझ्याकडे आली.

"सर, खिडकीजवळच्या आजी बऱ्या नाहीत. डॉक्टरांना बोलवूया."

मी चार्ट पाहिला. नाडी, ताप, रक्तदाब, सगळं ठीक होतं.

"कशावरून म्हणतेस?"

"साखर कमी पडली म्हणून रोज मला रागावतात. आज मुकाट्याने प्यायल्या. त्यांचा हातही वेगळा लागतोय."

"मग हे कुठल्या रकान्यात लिहू?" मी म्हणालो. बाकीचे विद्यार्थी हसले. तीही कसनुसं हसली.

दुपारी आजी गेल्या. सकाळी कुणी काही सांगितलं होतं का, असं चौकशीत विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. सुनंदा समोरच बसली होती. तिच्या मूल्यमापनात मी 'निरीक्षण कच्चं' असा शेरा मारला. महिन्याभरात ती शिक्षण सोडून गेली.

काल यंत्रावर माझंही सगळं ठीक होतं. मनगट सोडताना नर्सने हळूच विचारलं, "घरी एकटेच असता का?"

घरी येऊन मी माझ्या जुन्या नर्सिंग कॉलेजला पत्र लिहिलं: सुनंदाने मला सकाळीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर खोटं बोललो.