मेहुण्याचं नाणं

जुन्या नाण्यांचा नाद मेहुण्याला मीच लावला, आणि त्यानं माझ्याच तोंडचा घास पळवला. २००५च्या सुमाराची गोष्ट. सहा लग्नं करणाऱ्या त्या ट्यूडर घराण्यातल्या इंग्रज राजाची, हातोड्यानं ठोकून पाडलेली चांदीची नाणी मी जमवायचो. टौरंगाच्या एका म्हाताऱ्याकडे त्यातलं एक होतं. काळसर, वेड्यावाकड्या कडेचं, पण राजाचा दाढीवाला चेहरा शाबूत. म्हातारा विकत नव्हता. मी महिनोन्‌महिने हॅमिल्टनहून जाऊन त्याच्या किवीफ्रूटच्या गप्पा ऐकल्या. एकदा हौसेनं मेहुण्यालाही नेलं. पुढच्याच शनिवारी हा पठ्ठ्या ऑकलंडहून एकटा गेला आणि नाणं घेऊन आला.

"भावोजी, रागावला नाहीत ना? तो हॅपीली द्यायला तयार झाला!"

"छे, छे," मी म्हणालो. पण त्याचं नाक कापल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

लक्ष्मीपूजन त्याच्या ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या घरी होतं. तो अजून ऑफिसात होता. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई पूजेची चांदी काढत होत्या. त्यांनी कपाटातलं ते नाणंही उचललं.

"हे चांदीचंच ना हो, जावईबापू? देवीपुढे असलं काळंमिट्ट कसं ठेवायचं? घासून घेते."

जुन्या नाण्याचा काळेपणा म्हणजे त्याचा जीव. घासलं की संपलं. मी उठलो आणि चिंच भिजत घातली.

सासूबाईंनी चिंच आणि रांगोळी लावून अगदी मनापासून घासलं. त्या राजानं चांदीत भरपूर तांबं मिसळलं होतं, ते नाकाच्या शेंड्यावर उघडं पडलं. दाढी गेली, नाक लाल झालं. मी समोर बसून चकली खात होतो. इतकी चविष्ट चकली मी आजवर खाल्लेली नाही.

मेहुणा आला, पाटाकडे पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"कसं लख्ख झालंय बघ! जावईबापूंनीच चिंच भिजवून दिली," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आईला काय बोलणार? "छान केलंस, आई," म्हणून तो देवीच्या पाया पडला. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

भाऊबीजेला तो हॅमिल्टनमधल्या रोटोटुनाला आमच्याकडे आला. बायकोनं त्याला ओवाळलं. त्यानं खिशातून ते नाणं काढून तबकात टाकलं.

"अय्या, तुझं सगळ्यात लाडकं नाणं? मला?" तिचे डोळे भरून आले.

"ताई, तुझ्यापेक्षा जास्त का ते? देवघरात ठेव. भावोजींना रोज दिसेल."

भावाची ओवाळणी परत करता येत नाही. मेहुणा हसून जेवायला बसला आणि मला त्याला श्रीखंडाचा आग्रह करावा लागला.