मेथीची जुडी

दर रविवारी आम्ही काहीजणी जवळच्या मळ्यांतली उरलेली भाजी आणून वस्तीत वाटतो. परवा रांगेतल्या एका बाईने मेथीची जुडी घेतली आणि तिची गाठ बोटाने चाचपत राहिली.

“ही कालच मी बांधलीय,” ती म्हणाली.

“मग मळ्यातूनच का नाही नेलीत?” मी विचारलं.

“तिथं निघताना पिशवी झटकून दाखवावी लागते, ताई.”

जिने भाजी खुडली, तिच्याच चुलीपर्यंत ती पोचायला मध्ये आमची दया लागत होती. आणि ती दया करताना मला किती बरं वाटायचं.

शेवटी नेहमीसारखे आम्ही मळेवाल्यांचे आभार मानले, सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. जुडी काखेत धरून तिनेही वाजवल्या.