पिंजऱ्यातल्या तित्तराची हाक

वाळूजला बसची वाट पाहत असताना चहाच्या टपरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातला तित्तर ओरडला आणि शिकारबंदीनंतरची एक पहाट आठवली. आता कारखाने उभे राहिलेल्या याच माळावर वडील आणि त्यांचे शिकारी दोस्त चाचा मला घेऊन आले होते. सोबत फक्त रानातल्या तित्तरांना बोलावणारा चाचांचा पाळीव तित्तर. पिंजऱ्यावरचं फडकं काढताच तो ओरडला, बोरीच्या जाळीतून उत्तर आलं आणि एक रानतित्तर थेट पिंजऱ्यासमोर येऊन उभा राहिला. वडिलांचे हात बंदूक धरल्यासारखे आपसूक वर गेले. "बंदूक जमा केली ना, भाऊ," चाचा हळूच म्हणाले, "आता नुसतं ऐका. लई गोड बोलतंय." ऊन चढेपर्यंत दोघं ऐकत बसले. टपरीवरला तित्तर पुन्हा ओरडला. कारखान्याच्या भिंतीकडं कान लावून मी उत्तराची वाट पाहत राहिले, तेवढ्यात माझी बस निघून गेली.