पांढऱ्या धुळीचा आठवडा

आमचे हे गेले त्याला आता दोन महिने होतील. सकाळी पोदेराच्या भट्टीतला गरम पाव चहात बुडवला, "आज बरो भाजला," म्हणाले आणि मान टाकली... डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं तेव्हा रडू येण्याआधी मला रागच आला. एवढी वर्षं फुप्फुसांची राखण केली, आणि चोर भलत्याच दारानं आला!

मी पेडण्याची, लग्न होऊन गोव्यातच मुळगावात आले. हे लोखंडाच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर. त्या काळी खाणीवरचा पुरुष घरी यायचा तो लालच. कपडे दगडावर कितीही आपटा, लाली जात नसे. मात्र एका वर्षी वर्कशॉपचं छप्पर बदलायला काढलं आणि सिमेंटचे जुने पत्रे करवतीनं कापायला ह्यांना लावलं. तो एक आठवडा हे पांढरेफटक होऊन येत. शेजारीण विचारी, "काय गो, घोव पिठाच्या गिरणीर लागलो?" आम्ही पोट धरधरून हसायचो. मला तर तो आठवडा सुखाचाच गेला. ती धूळ साबण मागत नव्हती. विहिरीवर उभं राहून शर्ट दोनदा झटकला की झालं.

पुढं हे निवृत्त व्हायच्या सुमारास जवळच्या साखळी गावात कामगारांसाठी एका डॉक्टरांचं भाषण झालं. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची बारीक कुसं छातीत रुतून बसतात, रोग कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी उठतो... हे घरी आले ते जेवलेच नाहीत. एक्स-रे काढला, साफ. "एवढ्याशा कामानं सहसा काही होत नाही," आमचे डॉक्टर म्हणाले. पण त्या 'सहसा'त हे अडकले ते अडकलेच. रोग असता तर औषध केलं असतं, नसलेल्या रोगाचं काय करणार? दर वर्षी फोटो, दर वर्षी साफ, आणि बाहेर पडताना ह्यांचं तेच, उद्याची धास्ती, "आज ना. फाल्यां?" साधा खोकला आला तरी घर चिडीचूप. पुण्याला लेकीकडे राहायला जायचं ठरलं की डॉक्टर लांब पडतो म्हणून रद्द. त्यांच्याबरोबर मीही कोंडले गेले, नाही कशाला म्हणू!

रोज न्हाण्याआधी हे माझ्याकडे पाठ करत. "कान लाव गो. कितें आयकूंक येता?"

"कायच ना. सगळें बरें आसा."

"आतां तूं फिर."

घरात सून, नातवंडं, आणि म्हाताऱ्याची ही लाडीगोडी! मी चिडायचे, पण फिरायचे. त्यांचा कान बराच वेळ माझ्या पाठीला असायचा... मला ते आवडायचं, हेही लिहून टाकते.

बाराव्यानंतर डॉक्टर भेटायला आले. उठताना म्हणाले, "वयनी, एकदा तुम्हीही फोटो काढून घ्या. काळजीचं कारण नाही. पण स्वतःपेक्षा तुमचंच जास्त विचारायचे ते. 'कपडे तिणें झटकले, तिणें धुयले. तिका कितें जातलें?' मी म्हणायचो, घेऊन या त्यांना. तर म्हणत, 'तिका सांगूं नाकात डॉक्टर, ती म्हजेसारकी घुस्मटतली.'"

माझ्या वाटचं भय ह्या माणसानं एकट्यानं वाहिलं, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. माझी छाती, आणि ठरवणार हे? असा राग आणि अशी माया, दोन्ही एकदमच दाटून आलं... निदान भांडायला तरी थांबायचं होतं.

मुलानं मला नेऊन फोटो काढला. साफ. "आई, सुटलीस," तो म्हणाला. मी हो म्हटलं. डॉक्टरांनीही धीर दिला. पण बसमध्ये बसल्यावर मनात आलंच... आज ना. फाल्यां?

परवा सुनेनं खोलीतल्या खुंटीवरून ह्यांनी शेवटचा घातलेला शर्ट धुवायला काढला. अंगणात नेऊन तिनं तो झटकायला हात वर केला, आणि मी केवढ्यांदा ओरडले, "झटकूं नाका गो!" बिचारी दचकून उभी राहिली. त्या शर्टात काही नाही, हे मला कळत नाही का? तरी तो तिच्या हातून काढून घेतला, तोंडापासून लांब धरून आत आणला आणि पुन्हा खुंटीला लावला.