साक्षीदार नसलेला शब्द

कुठलंही विशेषण आलं की करीमचाचांचा हात थांबायचा. नंदुरबारच्या एका छापखान्यात ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका असो की जाहिरात, चष्म्यावरून बघत विचारणारच, "याले साक्षीदार कोन शे?" स्वतःला 'सुप्रसिद्ध' म्हणवणाऱ्या हलवायालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "शहादाले तरी कोनी वळखस का तुले?"

मी शाळामास्तर. लोकांना मजकूर लिहून द्यायचो, त्यामुळे आमची हुज्जत रोजचीच.

कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या आणि गावानं त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं. मी लिहिलं, 'आपले उदात्त अंतःकरण'. चाचांनी सगळा मजकूर जुळवला. 'उदात्त' या एका शब्दाची जागा तेवढी रिकामी ठेवली.

"याले साक्षीदार?"

"अहो चाचा, मानपत्रात असं लिहायची रीतच असते!"

"प्लेगना सालमा तुम्ही बी तठे व्हतात ना?"

होतो ना! सगळं गाव माळावर झोपड्या करून राहिलं, तेव्हा याच शेठजीनं आपल्या विहिरीवर फळ्या ठोकून कुलूप घातलं. आम्ही पाणी भरलं तर म्हणे रोग पसरेल! चाचांची बायको तापानं फणफणलेली. चाचा घागर घेऊन लांब नदीवर गेले. परत येईपर्यंत तिनं डोळे मिटले होते. ते कुलूप सगळ्या गावानं पाहिलं. एकाच्याही तोंडून ब्र निघाला नाही, आणि आता त्याच तोंडांनी 'उदात्त'! लाज कशी वाटली नाही आम्हाला?

"दोन खोल्या दिन्यात, तसं लिखा. ते खरं शे," चाचा म्हणाले. "आपलं नुकसान करी जो दुसराले जगाडस, तेले उदात्त म्हनतस. हाऊ शबद मी लावाव नही."

छापखान्याचे मालक चाचांवर ओरडले, "शब्द लाव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

चाचांनी खिळे लावायची पट्टी माझ्यापुढे धरली. "तुम्हना शबद शे, मास्तर. तुम्हीन लावा."

शाळेच्या कमिटीवर शेठजीच होते आणि मला नोकरी टिकवायची होती. मी एकेक खिळा उचलला आणि लावला. चाचा खुंटीवरचा डगला घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. विसरवाडीला भावाकडे कापूस पिंजत राहिले आणि तिथंच वारले.

मानपत्र अजून शाळेत टांगलेलं आहे. माझा हात नवखा, म्हणून तेवढा एकच शब्द ओळीतून खाली घसरलाय. परवा वर्गात त्याच्या अर्थाचा विषय निघाला, तेव्हा मी करीमचाचांची गोष्ट सांगितली. पोरं संतापली. एक पोरगी उठून म्हणाली, "गुरुजी, मंग तो शबद लाया कोनी?"

"मीच लावला," मी म्हणालो. चाचांच्या बाजूनं मी दिलेली ही पहिली साक्ष. आणि तीही चाचा गेल्यावर!